हक्काची सुट्टी



गेल्या जूनमध्ये आम्ही आठ दिवस लंडनला राहून आलो. लालबागच्या कारकुनाला हे परवडले कसे, असे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. भाची तिथे नर्स आहे. विमानाच्या तिकिटांसाठी पतपेढीचे कर्ज काढले, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. भाचीची खोली एकटीपुरती. म्हणून तिने शहराच्या उत्तर भागात दोन खोल्यांचा फ्लॅट आठवड्याच्या भाड्याने घेऊन ठेवला होता. आम्ही उभयता आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आमची आई, एवढीच माणसे.

पाचव्या दिवशी 10, किंग हेन्रीज रोड ही वास्तू पाहिली. बाबासाहेब 1921-22 मध्ये या घरात भाड्याने राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर 2015 मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे तिथल्या कौन्सिलने संग्रहालयाला हरकत घेतली, पण मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. घराच्या भिंतीवरच्या गोल फलकापुढे आई बराच वेळ हात जोडून उभी होती. त्या दिवशीच्या चालण्याने तिचे गुडघे धरले. म्हणून सहाव्या दिवशी कुठेही जायचे नाही, असे ठरले. आज त्या सहाव्या दिवसाविषयी लिहायचे आहे.

आई नेहमीप्रमाणे पाचला उठली. चाळीत तिची हीच पाणी भरायची वेळ. इथे नळाला चोवीस तास पाणी, त्यामुळे हंडा नाही, कळशी नाही. कपडे धुवायला मशीन, तेही स्वयंपाकघरातच. वाळत घालायला तेवढी दांडी नव्हती. ओट्यापाशी उभी राहून आई म्हणाली, "आता मी काय करू?"

आम्ही हसलो. पण ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

अकराच्या सुमारास घरून नेलेला मसाला काढून डाळीला फोडणी दिली. लसूण जरा लाल होतो न होतो, तोच छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजू लागली. आमची तारांबळ उडाली. कुणी खिडक्या उघडतोय, कुणी टॉवेलने वारा घालतोय. घंटा थांबली, पण शेजारचे दार काही उघडले नाही. आपल्याकडे असता तर अख्खा मजला धावत आला असता, आणि मग डाळ कमी पडली असती!

जेवण झाले, वामकुक्षी झाली. चहा घेऊन खिडकीशी बसलो, तेव्हा आई आपणहून बोलू लागली. आमचे अण्णा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही रांगत होतो. आई म्हणाली, "अण्णा तेव्हा महिनोन्महिने घरीच होते. पण असा एक दिवस गेला नाही बघ. रोज सकाळी उठायचं आणि डब्यात पीठ किती उरलं ते बघायचं."

त्या काळात आईने दादरला चार घरची धुणीभांडी धरली. त्या कामाला रविवार नव्हता. आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जात.

वाचकहो, रिकामा दिवस वेगळा आणि निवांत दिवस वेगळा. काम नाही म्हणून घरी बसलेला माणूस विश्रांती घेत नसतो, तो काळजी करत असतो. उद्याची चूल पेटेल याची खात्री असेल, तरच आजचा दिवस निवांत जातो. ही खात्री आपल्याला कुणी फुकट दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली 1890 मध्ये! पुढे 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत 1945 मध्ये कारखान्यांच्या कायद्यात भरपगारी रजा आली आणि 1946 मध्ये बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले.

आणि बाबासाहेबांचे स्वतःचे लंडनमधले दिवस कसे गेले? धनंजय कीर यांच्या चरित्रात वाचा. सकाळी नावापुरती न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजायचे आणि वर कपभर दूध. इकडे माता रमाई मुंबईत हालअपेष्टांत संसार ओढत होत्या. ज्यांना भाड्याच्या खोलीत एक निवांत दिवस मिळाला नाही, त्यांनी कामगाराला भरपगारी रजा मिळवून दिली. आम्ही लंडनला गेलो ते शिल्लक रजेवर. त्या आठ दिवसांचा पगार कापला गेला नाही, याचे मोल त्या खिडकीशी बसून कळले.

संध्याकाळी भाची ड्यूटीवरून आली आणि स्वयंपाक तिने हाती घेतला. जूनमध्ये तिथे रात्री नऊ वाजताही उजेड असतो. आई तोपर्यंत खुर्चीवर बसून रस्त्यावरची माणसे पाहत होती. मांडीवर ना सूप, ना निवडायची भाजी. तिला असे बसलेले आम्ही जन्मात पहिल्यांदाच पाहिले.

परत आल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपली. आमच्या इमारतीत जिने झाडणाऱ्या ताई कंत्राटावर आहेत. त्यांचा एक खाडा झाला की मजुरी कापली जाते. आमच्या आईची कापत तशीच, आणि आता कापणाऱ्यांत आम्हीही आहोत. त्यांना आठवड्याची एक भरपगारी सुट्टी द्यावी, असा विषय आम्ही सोसायटीच्या सभेत मांडला आहे. "मग त्या दिवशी जिना कोण झाडणार?" असा प्रश्न आला. आम्ही सांगितले, आम्ही झाडू. निर्णय पुढच्या सभेत होईल.

तुमच्याही इमारतीत, कचेरीत, विहाराच्या आवारात अशा कुणी ताई, कुणी दादा असतील. त्यांना सुट्टी मिळते का, एवढे या आठवड्यात विचारून पाहा. आणि येत्या रविवारी घरातल्या आईला एक दिवस स्वयंपाकातून मोकळे करा. सुरुवातीला तीही विचारील, "आता मी काय करू?" तिला खुर्ची द्या आणि चहा तुम्ही करा.

जयभीम!