परक्या मातीतला मुक्काम

बँकेत पस्तीस वर्षं नोटा मोजल्या. पण परलोकात चालणारी नोट पहिल्यांदा पाहिली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये. मुलाकडे गेलो होतो तेव्हा. दुकानात चक्क ‘हेल बँके’च्या नोटांची बंडलं! मृताला वर पैशांची चणचण भासू नये म्हणून त्या जाळायच्या.

जवळच ग्रीन स्ट्रीटवर जुनं अंत्यविधीगृह आहे. भाग मूळचा इटालियनांचा. पण तिथून चिनी अंत्ययात्रा निघतात. पुढे ख्रिस्ती भजनांच्या चाली वाजवणारा बँड, मागे उघड्या मोटारीवर मृताचा भलामोठा फोटो, मग शववाहिका. मंडळींना पांढऱ्या पाकिटातून नाणं आणि गोड गोळी देतात, दुःखाचा कडवटपणा जावा म्हणून. आपण मात्र स्मशानातून आलो की कडुलिंबाचं पान चावतो!

हा थाट सहज मिळालेला नाही. १८८२ साली अमेरिकेनं कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. त्या काळी पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून, हाँगकाँगमार्गे त्याच्या गावी पाठवत. गावकीची मंडळं त्यासाठी वर्गणी काढत. कायदा १९४३ साली रद्द झाला, पण परवानगी वर्षाला अवघ्या १०५ जणांना. १९४९ला चीनमध्ये सत्तांतर झालं आणि हाडांची वाटही बंद पडली. मग शहराबाहेर कोल्माची दफनभूमी हेच गाव झालं. नातवंडं आता पूर्वजांची कबर झाडायला तिथेच जातात. आपली माणसं जिथे ठेवली, तो देश हळूहळू आपला होतो.

हे आज आठवायचं कारण आहे. २०२५च्या सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि घरोघरी मराठी आईबापांचे फोन खणखणले. आपण पगाराचा, ग्रीन कार्डाचा हिशेब करतो. शेवटाचा करत नाही. फार तर अस्थी विमानानं नाशिकला येतील, एवढंच गृहीत धरतो. पण गोदावरीवर घेऊन येणारं तरी पुढे कोण असेल?

मी मुलाला विचारलं, “आमचं इथेच काही झालं तर?”

“बाबा, भलतंच काय बोलता!”

अर्जावर वारसाचा रकाना कोरा दिसला, की मी खातेदाराला काउंटरवर परत बोलावत असे. आमच्या घरातला तो रकाना अजून कोराच आहे.