शाळेवरच्या पाटीचं काय झालं, साहेब?

साहेब,

मी कोण ते सांगायला नको. जून १९९९ मध्ये द्रासहून पेटी आली, तिच्याशेजारी उभा होतो तो धाकटा भाऊ. तुमचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसऱ्या हातात माईक.

काय बोललात, आठवतंय? शाळेला दादाचं नाव देऊ. फाट्यावर पुतळा उभारू. आईला म्हणालात, "मावशी, आजपासून मीच तुमचा मुलगा." तिनं नुसते हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मयतीत टाळ्या!

आधीच्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यविधी आघाडीवरच व्हायचे. कारगिलात देह गावोगाव पोचवले गेले. म्हणून आईला दादाचा चेहरा बघता आला. आणि म्हणूनच तुम्हाला आमच्या अंगणात सभा घेता आली. सप्टेंबरात मतदान होतं, लोकसभेचं आणि विधानसभेचं एकदमच. तुमच्या पत्रकांवर दादा होता. आम्ही हरकत घेतली का? शब्द दिलाय म्हणजे माणूस घरचा, असं धरून चाललो.

सैन्याबद्दल माझी तक्रार नाही. पेन्शन वेळेवर येते. पलटणीतून अजून कुणी ना कुणी फोन करून आईची विचारपूस करतं. २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं, तिथल्या ग्रॅनाइटवर दादाचं नाव कोरलंय. मी त्यावरून बोट फिरवून आलो. दिल्लीला जमलं ते, तो जिथं बाराखडी शिकला त्या शाळेला का जमू नये? ग्रामसभेचा ठराव तुमच्याच हातात दिला होता. जिल्हा परिषद तेव्हा तुमच्याच माणसांची होती. कुठं अडलं?

फाट्यावर चौथरा तेवढा झाला. पुतळा आलाच नाही. आता त्या चौथऱ्याला टेकून तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण त्या रस्त्यानं तुम्हीही जाता ना?

दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, मात्र तुमचा निरोप चुकत नाही. मातोश्रींना नऊला घेऊन या. तुम्ही येता बाराला. गुडघे गेलेली बाई तोवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असते. मग शाल, श्रीफळ, फोटो, आणि तुमची गाडी पुढच्या कार्यक्रमाला. कपाटात शालींची चळत झालीय. त्यातली एकही तिनं कधी पांघरली नाही.

कारगिलात तोलोलिंगसारखे कडे दादासारखी पोरं रात्रीच्या अंधारात चढली, वरून गोळ्या येत असताना. तुम्हाला एक फाइल पुढं सरकवायची होती.

यंदा आई येणार नाही. शाळेवर पाटी लागेल त्या दिवशी मी स्वतः तिला घेऊन येईन. तोवर दादाचा फोटो तुमच्या फ्लेक्सवरून काढा.