मालधक्क्यावरून थेट केबिनमध्ये

लकडगंजात आरा मशीनवाल्याचा मुलगा बहुतेक वेळा लाकडाच्याच धंद्यात शिरतो. आपलं तसं नाही. आपण इंजिनिअरिंग करून बँकेत, बी.एस्सी. करून मार्केटिंगमध्ये! आणि 'फील्ड चेंज करतोय' म्हटलं, की घरून पहिला प्रश्न येतो, 'काऊन, येते काय तुले त्यातलं?'

बेझनजी दादाभाई मेहतांना येत नव्हतं. हे गृहस्थ जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात अधिकारी. कापड गिरणीशी संबंध शून्य. तरी जमशेदजी टाटांनी त्यांनाच नागपूरच्या एम्प्रेस मिलचा मॅनेजर केलं. 1 जानेवारी 1877 ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, मिल सुरू झाली. नाव त्यावरूनच.

वेडेपणा वाटतो ना? पण बघा, कापसाच्या गावातच मिल काढायची, ही जमशेदजींची आयडिया. रेल्वे नागपुरात 1867 लाच आलेली. गाठी, कोळसा, सूत, सगळा मालाच्या येण्याजाण्याचा खेळ, आणि तो मेहतांना पाठ होता. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा जाणकार सोबत होताच. माझ्या मते हे सिलेक्शन आजच्या कुठल्याही एचआरपेक्षा भारी होतं.

सुरुवात मात्र सोपी नव्हती. जागा दलदलीची. एका सावकाराने तर 'हा माणूस सोनं मातीत घालतोय' म्हणून पैसे द्यायला नकार दिला, असा किस्सा सांगतात. पहिली यंत्रंही सुमार निघाली, ती बदलावी लागली. पुढे रिंग स्पिंडलचा प्रयोग इथेच झाला, तोही मुंबईच्या बहुतेक गिरण्या जुन्याच यंत्रांवर सूत कातत होत्या तेव्हा.

आणि कामगार? मनात आलं की दांडी! दंड ठोकण्याऐवजी मिलने बक्षिसं सुरू केली, 1886 मध्ये पेन्शन फंड आणला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. सॅलरी स्लिपवरच्या पीएफला नाकं मुरडणाऱ्यांनो, तेव्हा असला कायदाच नव्हता बॉस!

मालधक्क्याचा हिशोब बघणारे मेहता दीर्घकाळ मिल सांभाळत राहिले आणि पुढे 'सर' बेझनजी झाले. मिल 2002 मध्ये बंद पडली. गांधीसागरजवळ त्या जागेवर आता मॉल आहे, लकडगंजहून बाईकने दहा मिनिटं. नाव तेवढं एम्प्रेसच राहिलंय.