सुईची भीती की सोजिराची? मुंबई इलाख्यातील प्लेग आणि हाफकिनची लस

प्लेगच्या साथीत लोकांनी लस का नाकारली, या प्रश्नाची दोन उत्तरे समाजमाध्यमांवर नेहमी फिरत असतात. एक, लोक अडाणी होते. दुसरे, लस हाच परक्या सत्तेचा कावा होता. दोन्ही उत्तरे सोयीची आणि आळशी आहेत. १८९६ ते १९०७ या काळातील घटना तारखांनिशी क्रमाने मांडल्या, तर त्यांतले एकही टिकत नाही.

आधी अडाणीपणाचा आक्षेप पाहू. सुई मुंबईला नवी नव्हती. हिंदुस्थानातील पहिली देवीची लस १८०२ साली मुंबईतच अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. १८७७ पासून मुंबई शहरात मुलांच्या देवी काढणे कायद्याने सक्तीचे होते. त्याबद्दल कुरकुर असे; पण 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग घराघरांत रुळला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले. पुढच्या काही महिन्यांत काही लाख लोकांनी शहर सोडले. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरलेले हे ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत अपुऱ्या साधनांनिशी कामाला लागले. मटणाच्या रश्शासारख्या पोषक द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे, पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे त्यांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात. मग उष्णता देऊन ते मारायचे, अशी ही कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्याच महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. न घेतलेल्यांत प्लेगचे रुग्ण आणि मृत्यू दोन्ही अधिक झाले.

लस अभेद्य कवच नव्हती, हेही खरे. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, एकदोन दिवस अंथरूण धरावे लागे. रोजंदारीवर जगणाऱ्या गिरणी कामगाराला दोन दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे सरकारी अहवालांतल्या कोष्टकांत उमटत नाही.

परंतु खरी अडचण दंडाच्या सुजेपेक्षा मोठी होती. लस तयार होण्याआधीच लोकांनी सरकारचा दुसरा हात पाहिला होता. रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात नेले जाई. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने घरोघर गोरे सोजीर पाठवले. ते देवघरात शिरले, त्यांनी सामान जाळले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली, ते प्रकरण सर्वश्रुत आहे. मार्च १८९८ मध्ये मुंबईत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

अफवा याच भूमीत रुजल्या. इस्पितळात माणसाला उलटे टांगून तेल काढतात. राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड उगवला जात आहे. सुई हातभर लांब असते. टोचल्यावर पुरुष नपुंसक आणि स्त्रिया वांझ होतात. यांतले एक अक्षरही खरे नव्हते, आणि त्यावर विश्वास ठेवून अनेकांनी वाचवणारी गोष्ट नाकारली. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि, या अफवांत जंतूंचा वाद कोठेच नाही. सगळ्यांत एकच धास्ती आहे: सरकार आपल्या देहाचे काय करील? ज्या सत्तेने काल दार फोडले, तीच आज सुई पुढे करत होती.

जेथे हात ओळखीचा होता, तेथे चित्र पालटले. तरुण आगाखान तिसरे यांनी हाफकिन यांना जागा दिली आणि अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली. त्यामागून खोजा समाजातील अनेकजण पुढे आले. १८९८ साली धारवाड जिल्ह्यातील हुबळीत बहुसंख्य रहिवाशांनी लस घेतली. माणसे त्याच इलाख्यातली, लस तीच. ज्यांना 'अडाणी' म्हणायचे, त्यांनीच हे केले.

आणि मग मुलकोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. एकाच बाटलीतून मात्रा मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही साक्ष चौकशीच्या कागदांत होती. तरीही ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांनी कृती बदलून त्यातून कार्बोलिक आम्ल वगळले होते, हा मुद्दा पुढे करण्यात आला. त्यांना पदावरून दूर केले गेले.

सरकारची सर्वांत मोठी चूक येथे घडली, आणि ती सक्तीइतकीच महागात पडली. काय चुकले, कोठे चुकले आणि उरलेल्या बाटल्या सुरक्षित का आहेत, हे पंजाबच्या गावकऱ्याला वेळेवर आणि उघडपणे सांगितले गेले असते, तर १९ मृत्यूंचा अर्थ त्याला लावता आला असता. त्याऐवजी त्याच्यापर्यंत एवढेच पोहोचले की लस टोचली, माणसे मेली आणि लस करणाऱ्या साहेबाला काढले. अफवेला याहून भक्कम पुरावा कोणता हवा होता? पंजाबातील व्यापक लसीकरणाची मोहीम कोसळली. आणि पुढील वर्षांत प्लेगने सर्वाधिक बळी ज्या प्रांतांत घेतले, त्यांत पंजाब अग्रभागी होता.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू लावून धरली. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले आणि पुन्हा हिंदुस्थानात, कलकत्त्याला, रुजू झाले. मुलकोवालच्या घटनेला तोवर पाच वर्षे झाली होती. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले आणि ते आजही आहे. त्या घातक बाटलीचा क्रमांकसुद्धा, ५३-एन, इतिहासाच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. तिच्यातून टोचून घेणाऱ्या १९ जणांची नावे त्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीत.