मागच्या सीटवरचा अनामित

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 146 नुसार कोणतेही वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायचे किंवा दुसऱ्याला चालवू द्यायचे, तर त्याचा त्रयस्थ जोखमीचा विमा उतरवलेला असावाच लागतो, आणि ही सक्ती वाहनासाठी नसून त्या वाहनाची धडक बसणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. विम्याच्या करारात वाहनमालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि ज्याची करारावर सही नाही, जो अपघात घडेपर्यंत कोणाच्या खिजगणतीतही नव्हता, तो पादचारी, सायकलस्वार किंवा समोरच्या गाडीतला प्रवासी हा तिसरा. म्हणून बोलण्यात या विम्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. 1939 च्या जुन्या कायद्यातील ही तरतूद 1 जुलै 1946 पासून अमलात आली, म्हणजे ती स्वातंत्र्याहूनही जुनी आहे; तरीही पोलिसाने हात दाखवल्यावर डिकीतून काढायचा कागद, यापलीकडे तिची फारशी ओळख झालेली दिसत नाही.

ही ओळख तुटपुंजी राहण्यामागे पैशाचे कारण पुढे करता येणार नाही. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा, म्हणजे सिंधुदुर्गातील बहुतेक घरांच्या खळ्यात उभ्या असणाऱ्या गाडीचा, वार्षिक थर्ड पार्टी हप्ता 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात कर वगळून 714 रुपये आहे, तर विनाविमा वाहन चालवल्याबद्दल कलम 196 मध्ये पहिल्या गुन्ह्याला 2,000 आणि पुढच्या गुन्ह्याला 4,000 रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीबरोबर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो, ही सुधारणा चांगलीच झाली. पण तिचा एक परिणाम असा की पाच वर्षे विम्याचा विचारच करावा लागत नाही, आणि सहाव्या वर्षी शोरूमचा फोन येत नाही, कर्ज फिटलेले असल्याने बँकही विचारत नाही, आणि गाडी मात्र तशीच बाजारात, शेतावर, बंदरावर जात राहते. त्या 714 रुपयांत मिळणारे संरक्षण किरकोळही नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपली किमान रक्कम ठरवते, आणि कॅलिफोर्नियासारख्या संपन्न राज्यातही 1 जानेवारी 2025 पासून ती वाढवून एका जखमी किंवा मृत व्यक्तीमागे अवघी 30,000 डॉलर झाली आहे. भारतात त्रयस्थाचा मृत्यू किंवा इजा झाल्यास न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती संपूर्ण विमा कंपनीने द्यायची असते, तिला कमाल मर्यादा नाही.

मात्र हा उदार कायदा ज्या एका जागी हात आखडता घेतो, ती जागा नेमकी मागची सीट आहे. केवळ कायद्यापुरता घेतलेल्या विम्यात दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती ‘त्रयस्थ’ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग या प्रकरणात स्पष्ट केले. दुसऱ्या वाहनाने धडक दिली तर मागे बसलेली व्यक्ती त्या वाहनाच्या दृष्टीने त्रयस्थच असते आणि त्याच्या विम्यातून तिला भरपाई मिळते. प्रश्न उभा राहतो तो चूक आपल्याच चालकाची असते तेव्हा. पावसाळ्यात जांभ्याच्या चिखलावर भरधाव गाडी घसरते, महामार्गावर बसलेल्या गुरांना चुकवताना हँडल वळते, आणि मागे बसलेली बायको, आई किंवा शेजारीण जबर जखमी होते. अशा वेळी विमा चालू असूनही कंपनी नकार देऊ शकते आणि तो नकार कायदेशीर ठरतो. कलम 129 त्याच व्यक्तीला हेल्मेट घालायला लावते, स्वतः चालवणाऱ्या परवानाधारक मालकासाठी 15 लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण आवश्यक मानले जाते, पण त्याच्या पाठीला पाठ लावून नव्हे तर खांदा धरून बसलेल्या माणसाची सक्तीच्या विम्यात कुठेच नोंद नाही. आपल्या 1939 च्या कायद्याने सक्तीच्या विम्याची कल्पना ज्या ब्रिटनच्या कायद्यातून उचलली, त्या ब्रिटनने 1971 साली स्वतंत्र कायदा करून प्रवाशांची जोखीम सक्तीच्या विम्यात आणली. आपल्याकडे 2019 साली कायद्याची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा ही संधी चालून आली होती आणि ती वाया गेली, असेच म्हणावे लागते.

टेम्पोच्या बाबतीत कायद्याची रेघ आणखी बारीक आहे. दुरुस्तीनंतरच्या कलम 147 मध्ये प्रवासी वाहनातील प्रवासी संरक्षित आहेत, मालवाहू वाहनातील मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधीही संरक्षित आहे, परंतु मालवाहू वाहनातून फुकट नेलेले प्रवासी स्पष्ट शब्दांत वगळलेले आहेत. मालवण बंदरावरून पहाटे बांगड्याच्या टोपल्या भरून कुडाळच्या बाजाराकडे निघालेल्या टेम्पोत चालकाशेजारी केबिनमध्ये बसलेली मासेविक्रेती ही मालाची मालकीण असल्यामुळे विम्याच्या छत्राखाली येते. त्याच टेम्पोच्या हौद्यात संध्याकाळी गोणपाट अंथरून वाडीतली माणसे आंगणेवाडीच्या जत्रेला निघाली की त्यांच्यातला एकही जण त्या छत्राखाली राहत नाही. टेम्पो तोच, चालक तोच, रस्ताही बहुधा तोच असतो.

तिसरी अडचण नावाची आहे आणि ती कोकणाच्या खास परिचयाची आहे. मुंबईचा चाकरमानी जुनी दुचाकी रेल्वेने गावी पाठवतो, ती भाऊ वापरतो, भावाकडून पुतण्याकडे आणि पुतण्याकडून काही हजारांत शेजारच्या वाडीत जाते, आणि नंबरपाटीवर एमएच 07 ऐवजी ठाण्याचा किंवा मुंबईचा क्रमांक तसाच राहतो, कारण मालकी बदलण्याचे 29 आणि 30 क्रमांकाचे नमुने भरण्याची तसदी कोणी घेत नाही. कलम 2(30) नुसार ज्याच्या नावे नोंदणी तोच मालक, आणि 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनेक हात बदललेल्या मोटारीच्या अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. कायदेशीर हस्तांतरणात कलम 157 प्रमाणे विमा नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे मानले जाते, मात्र नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीला कळवायचे असते. जिथे हस्तांतरणच झाले नाही आणि विमाही केव्हाच संपला, तिथे ओरोसच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा उभा राहिला की नोटीस जाते ती डोंबिवलीच्या पत्त्यावर, गाडी विकल्याचेही विसरून गेलेल्या माणसाच्या नावाने.

कायद्यात मागच्या सीटसाठी एका उपकलमाची भर पडेपर्यंत दोन वाटा उरतात. पहिली वाट ‘पॅकेज’ विम्याची, ज्याला विक्रेते ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. त्यात वाहनाच्या नुकसानीबरोबर मागे बसणाऱ्याचीही जबाबदारी येते, असे 2012 च्या बालकृष्णन प्रकरणातील निकालाने मान्य केले आहे. पाच वर्षांच्या विम्यात वाहनाच्या नुकसानीचा भाग बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो, ही गोष्ट ग्राहकाला सांगण्याची घाई विक्रेत्याला नसते. दुसरी वाट थोडा जादा हप्ता भरून मागे बसणाऱ्यासाठी व्यक्तिगत अपघात संरक्षण जोडून घेण्याची. ते घेतले आहे की नाही हे पॉलिसीच्या हप्त्याच्या तक्त्यात पाहायला मिळते. तिथे थर्ड पार्टीच्या रकमेखाली, बारीक इंग्रजी अक्षरांत, एक ओळ असते, जिच्यापुढे बहुतेक वेळा शून्य छापलेले असते, आणि रोज मागच्या सीटवर बसणाऱ्या घरच्या माणसाचा उल्लेख त्या ओळीत ‘अनामित प्रवासी’ असा केलेला असतो.