शिपायाचा पाय आणि वीस टक्क्यांची रेघ

वऱ्हाडात पहाटे निघालेल्या माणसाला अकोट-दर्यापूरकडच्या सडकांवर धावणारी पोरे हमखास दिसतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला सैन्यभरती ही अजूनही मोठी आशा आहे. भरतीच्या वेळी या पोरांचे तळवे निरखून पाहिले जातात. सपाट तळव्याचा उमेदवार परत पाठविला जातो. म्हणजे ज्याला घेतले त्याचा पाय धड होता, हे सरकारनेच लिहून दिलेले असते.

तोच जवान पंधरा-सतरा वर्षांनी लंगडत परतला की भाषा बदलते. सियाचिनवर, जेथे १९८४ पासून आपले सैन्य उभे आहे, हिमदंशाने बोटे गेली तर निदान कारण उघड असते. टाचेचा, घोट्याचा, हळूहळू जडलेला विकार मात्र ‘मूळ प्रकृतीचा’ ठरवून मोकळे होता येते. वास्तविक १९८२ च्या नियमांनी संशयाचा फायदा जवानाला दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात (विकार अपस्माराचा होता, पण तत्त्व पायालाही तेच) बजावले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच जडला असे मानावे. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. यावर सरकारने काय केले? सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आणले. सेवेत राहून मुदत पुरी करणाऱ्या अपंग जवानाच्या रकमेला त्यांत ‘पेन्शन’ हे नावही उरले नाही.

त्यात पुन्हा वीस टक्क्यांची रेघ. मुदत भरून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व एकोणीस टक्के भरले तर हाती काही नाही. अमेरिकेत ही पायरी दहा टक्क्यांची आहे, आणि सपाट तळव्याला त्यांच्या कोष्टकात स्वतंत्र रकाना आहे. आपल्याकडे वैद्यकीय मंडळ टक्के काढते ते त्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून. माणूस पुढे कशावर पोट भरणार, हे त्या हिशेबात येत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला अधू घोटा निभावून नेता येतो. काळ्या जमिनीत, चिखल तुडवीत डवऱ्यामागे चालणाऱ्याचे काय? ज्याला दाद मागायची आहे त्याच्यासाठी सैन्यदल न्यायाधिकरणाचे पीठ आहे मुंबईत, अमरावतीहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर.

ही रेघ दहावर आणावी आणि टक्के ठरविताना जवानाच्या पुढील उपजीविकेची नोंद घ्यावी, एवढी मागणी तरी अमरावती-अकोल्याच्या खासदारांनी संसदेत मांडावी. निवडणुकीत माजी सैनिकांचे सत्कार सर्वच पक्ष करतात.