पोटखराबा

सातबाऱ्याचा उतारा ज्यांनी कधी हातात धरला आहे, त्यांना ‘पोटखराबा’ हा शब्द नवा नाही. शहरातल्या वाचकांनाही तो ठाऊक असावा. गावची जमीन विकताना तरी उतारा काढावाच लागतो! जमिनीच्या ज्या भागात पीक निघत नाही – खडक, ओघळ, मुरमाड टेकाड – तो पोटखराबा. यातले ‘पोट’ हे पोटकलमातले, पोटभाडेकरूतले. जेवणाशी त्याचा संबंध नाही. पण वर्गात हे समजावून सांगत असता एक विद्यार्थी म्हणाला, “सर, ज्यानं पोट भरत नाही तो पोटखराबा.” व्युत्पत्ती चुकली, अर्थ मात्र बिनचूक. मी त्याला अर्धा गुण देऊन टाकला.

ऐन दिवाळीत, चकली-करंजीच्या शेजारी हा तलाठी कोठून आला, असे आपण विचाराल. तो एका पक्ष्यामागून आला आहे.

आमचे मिरजगाव कर्जत तालुक्यातले, नगर–सोलापूर रस्त्यावरचे. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, जुन्या माणसांच्या तोंडचे ‘नगर’ मात्र सुटता सुटत नाही.) पाऊस बेताचा, माती उथळ, झाडे विरळ. मोटारीतून जाणाऱ्याला वाटते, इथे काहीच नाही. वास्तविक इथे पवन्या आहे, मारवेल आहे, धोतराला चिकटणारे कुसळ आहे. त्या गवतावर धनगरांची मेंढरे, मेंढरांच्या वासावर लांडगा, पलीकडे काळविटांचा कळप. आणि याच मुलखात एके काळी माळढोक होता.

माळावरचा ढोक, म्हणून माळढोक. शास्त्रज्ञ सांगतात की ढोकाच्या, म्हणजे करकोच्याच्या कुळाशी याचे काही नाते नाही. नसेना! लांब पायांचा, लांब मानेचा पक्षी पाहून ज्याने हे नाव ठेवले, त्याने माळ आधी सांगितला आणि ढोक मागून, हे मला महत्त्वाचे वाटते. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून ‘हूम्‌’ असा घुमतो, म्हणून ‘हूम’ हेही त्याचे एक नाव. नर चांगला मीटरभर उंच आणि वजनाला बारा-पंधरा किलोंपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजनदार फार थोडे. माझ्या आत्याने तो लहानपणी पाहिला होता. “काळी टोपी घालून एखादा मास्तर गवतातनं चालल्यावानी दिसायचा,” असे ती सांगे. घराण्यातला मास्तर मी एकटाच, त्यामुळे ही उपमा माझ्या ध्यानात राहिली.

हाच पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे डॉ. सालीम अली यांचे म्हणणे होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोकाचे इंग्रजी नाव ‘बस्टर्ड’. लिहिताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर शिवी होईल, या धास्तीने तो मागे पडला, असे गमतीने सांगतात. खरे-खोटे काही असो, नाव माणसाला नडते तसे पक्ष्यालाही नडते.

आता थोडा इतिहास. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडच्या कोणाला सांगावा लागत नाही. त्यानंतरच्या काळात अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेतून काही माळ राखून तिथे गवत वाढवले गेले. हेतू गुरांच्या वैरणीचा. पण सोलापूरजवळच्या नान्नजला त्या गवतात माळढोकांना आसरा मिळाला. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी त्यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले आणि १९७९ साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! कागदावर पाहून छाती फुगावी. पण त्यात गावे, बाजारपेठा, रस्ते आणि ऊस, सगळेच आले. आमचा कर्जत तालुकाही आला. पुढे जमिनीचे व्यवहार अडू लागले. शेतात दोन खोल्या बांधायच्या तर पक्ष्याची परवानगी हवी, असे लोक म्हणू लागले. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, “मास्तर, पाखरू राहिलं दोन अन् त्याचा जाच दोन जिल्ह्याला. त्याच्या आधी आम्हीच दुर्मीळ व्हायचो.” मी हसलो, पण म्हाताऱ्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ज्या पक्ष्याला राखायचे, त्याचे नाव काढताच चूल बांधणारा माणूस चिडावा, असे राखणे काय कामाचे? पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. तोवर पाखरूही जवळजवळ गेले होते.

याच तालुक्यात दुसरी गोष्ट घडली. १९८० साली रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले, ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा जागेत काळवीट वाढले, ते इतके की आजूबाजूचे शेतकरी रात्री जागल करतात. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच कायद्याखाली, लहान अभयारण्यातला प्राणी वाढला आणि मोठ्यातला पक्षी गेला. कारण उघड आहे. हरिणीचे पाडस मेले तर ती लवकरच पुन्हा विते, आणि गवत संपले तर कळप हरभऱ्यात शिरतो. माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर, आणि जवळजवळ महिनाभर त्यावर बसते. एक भटके कुत्रे आले, एक गुरू चुकून वरून गेले, की त्या वर्षाची वीण संपली. त्याला मोकळा, निवांत माळ हवा, तोही लांबवर पसरलेला. कालवे आले, ऊस आला. त्याबद्दल मी शेतकऱ्याला बोल लावणार नाही. पाणी दिसल्यावर कोण कुसळे राखील?

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. जे माळ सरकारी होते, त्यांच्यावरही आपण झाडे लावली! चर खणले, सुबाभूळ लावली, गिरिपुष्प लावले, फोटो काढले. उघडा माळ दिसला की शिकलेल्या माणसाचा जीव कळवळतो. ‘ओसाड’, ‘पडीक’, ‘उजाड’ असे शब्द त्याच्या जिभेवर तयार असतात. जंगल तोडले तर निदान कोणी हळहळते. माळ मोडला तर हारतुरे होतात. माळढोक झाडीत राहत नाही, हे धनगराच्या पोराला ठाऊक असते. पण वृक्षारोपणाच्या समारंभाला त्याला विचारतो कोण?

शिवाय विजेच्या तारा आहेतच. या पक्ष्याचे डोळे बाजूला. समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि एवढे धूड आयत्या वेळी वळवता येत नाही. राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तो बदलला. सौरवीजही हवी आणि पक्षीही, असा तो पेच आहे.

आज देशात रानात माळढोक उरले ते सुमारे दीडशे, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे नान्नजला अलीकडच्या गणनांत दिसला तर एखादा, नाहीतर तोही नाही. जैसलमेरकडे सम येथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. २०२४ साली कृत्रिम रेतनातूनही एक पिल्लू जन्मले.

ही बातमी मी गेल्या खेपेला आमच्या पारावर वाचून दाखवली.

“गाईला करत्यात तसंच का?” एका मेंढपाळाने विचारले.

“जवळपास तसेच.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पिल्लं वाढली, तिकडून हिकडं आणली असं धरून चाला. सोडणार कुठं? आपलं गायरान किती राहिलंय?”

कोणी चाळीस एकर म्हणाले, कोणी वीस. एकाने तर ते कधीच संपले म्हणून सांगितले. वाद वाढला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी तलाठ्याकडे जाऊन उतारा काढून आणायचे ठरले.